गोमेचा भाव करण्याआधी तिचं नाव विचार

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"काका, मी चोवीस वर्षांचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, औषधांच्या दुकानात नोकरी करतो. दीड वर्षापासून गोमी पाळतो, आत्ता दोन आहेत. पहिली एका ओळखीच्या माणसाकडून ९,००० रुपयांना घेतली. तो म्हणाला, 'ही दक्षिणेतली टायगर आहे, १५ सेंटिमीटर.' दुसरी मित्राच्या शेतात सापडली, पावागडच्या बाजूला, विटांच्या ढिगाखाली. तिचे पाय निळसर आहेत आणि गेले तीन आठवडे ती अंड्यांभोवती गोल होऊन बसली आहे. मुंबईचा एक संग्राहक फोटो पाहून म्हणतो, 'दुर्मीळ आहे, अंड्यांसकट १२,००० देतो, डब्यात घालून कुरियर कर.' पहिलीचे मी जास्त पैसे दिले का? दुसरीची योग्य किंमत किती? नक्की जात कशी ओळखायची? आणि घरात आजी आहे. तिला डब्यांबद्दल काही माहीत नाही. आईला माहीत आहे, ती म्हणते फेकून दे. दोघींचे फोटो जोडले आहेत."

तुझ्या प्रश्नांपैकी एकाला घाई आहे, तेव्हा त्याचंच उत्तर आधी देतो. अंड्यांवर बसलेली गोम हलवायची नाही. कुरियर तर नाहीच, पण डबा एका खोलीतून दुसऱ्या खोलीतही नेऊ नकोस. पोट आत आणि पाठ बाहेर ठेवून ती अंड्यांभोवती जे कडं करते, ते काही आरामात बसणं नव्हे. ती अंडी सतत चाटून साफ ठेवते आणि बुरशी धरू देत नाही. जागा सुरक्षित राहिली नाही असं तिला वाटलं, की पुष्कळदा ती अंडी स्वतःच खाऊन टाकते. हे मी वाचलेलं सांगत नाही, माझ्या हातून घडलेलं सांगतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होतो तेव्हा अशीच एक मादी ट्रेमध्ये बसली होती. ट्रेच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली म्हणून मी चांगल्या हेतूने माती बदलली आणि पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये एकही अंडं नव्हतं. मादी धडधाकट होती, पोट भरलेलं होतं. आज इतकी वर्षं झाली, तरी तो ट्रे डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा डबा आहे तिथेच राहू दे, वर जाड कापड टाक. एका कोपऱ्यात, तिच्यापासून लांब, आठवड्यातून एकदा थेंब थेंब पाणी सोड म्हणजे ओल टिकेल. खायला काही टाकू नकोस. या काळात ती बहुधा खात नाही, आणि जिवंत झुरळ आत फिरलं तर तेच संकट होतं. रोज झाकण उघडून फोटो काढत असशील तर तेही आजपासून बंद कर. अंडी फुटून, पिल्लं दोन-तीनदा कात टाकून, रंग धरून विखुरायला दीड-दोन महिने लागतात. थंडीत जास्तही लागतात. या गोमी जन्मतःच सगळ्या पायांच्या असतात, वाढताना पाय वाढत नाहीत. म्हणून पिल्लं आईभोवती पांढऱ्या दोऱ्यांच्या गुंतवळासारखी दिसतील. ती स्वतःहून पांगायला लागली की वेगळी कर, नाहीतर एकमेकांना खातील.

आता ओळखीकडे वळतो. हा भाग लांबेल, कारण सगळा भाव इथेच ठरतो.

आपल्याकडे एखाद्या गोष्टीतली लपलेली अडचण सांगताना 'यातली गोम अशी की' असं म्हणतात. पूर्वी घोड्याचा सौदा करताना त्याच्या अंगावरची केसांची एक विशिष्ट रेघ बघायचे, तिलाही गोमच म्हणायचे. ती नको त्या जागी निघाली की घोड्याचा भाव पडायचा. गायकवाडांच्या या गावात घोड्यांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत. नुसता रंग बघून पैसे मोजणारा गिऱ्हाईक तेव्हाही फसत होता आणि आजही फसतो.

तुझ्या पहिल्या गोमेच्या फोटोत मला हे दिसतं: अंग पिवळट तपकिरी, आणि पाठीवरच्या प्रत्येक ढालीच्या, म्हणजे कडक पट्टीच्या, मागच्या काठाला काळसर हिरवी रेघ. प्रत्येक ढालीला, एकही सोडून नाही. खरी टायगर, म्हणजे स्कोलोपेंड्रा हार्डविकी, तशी दिसत नाही. तिच्यात एक अख्खी ढाल काळी आणि दुसरी अख्खी नारिंगी अशी आलटून पालटून मांडणी असते. काठाची रेघ नाही, पूर्ण रंगलेली ढाल. लांबूनसुद्धा आगगाडीच्या दोन रंगांच्या डब्यांसारखी दिसते. न्यूपोर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं घर. तुझ्याकडची मला स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स वाटते. हे नाव लिनियसने १७५८ मध्येच दिलेलं आहे. जगातल्या उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेली जात आहे, आणि रंगाच्या बाबतीत इतकी बदलती, की एकाच माळावरच्या दोन गोमी दोन वेगळ्या जातींच्या वाटाव्यात. भारतभर आढळते, गुजरातेतही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा भिंतींवर चढलेल्या ज्या कानखजुऱ्यांचे फोटो लोक मला पाठवत होते, त्यांत ही बरीच होती. तू ९,००० रुपये मोजून जी आणलीस, तिची बहीण तुझ्याच गल्लीतल्या नळाच्या खड्ड्यात असू शकते.

पण थांब. 'वाटते' असं मी मुद्दाम म्हणालो. फोटोतल्या रंगावरून टायगर नाही हे सांगता येतं, मॉर्सिटान्सच आहे हे ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी काटे मोजावे लागतात. ते तूच मोजायचेस. एकदा मोजायला शिकलास की पुन्हा कोणाच्या शब्दावर पैसे टाकणार नाहीस.

सुरुवात पायांपासून कर. शास्त्रीय मराठीत हिला शतपद म्हणतात, पण मोठ्या गोमेच्या पायजोड्या नेहमी विषम संख्येत असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय कुठल्याच गोमेला नसतात. आपल्या या कुळात बहुतेक सगळ्यांना २१ जोड्या असतात. शेवटची जोडी चालायची नाही. ती जाड असते, मागे पसरलेली असते, धमकावायला आणि पकडायला वापरायची. तिच्या बुडाकडच्या पहिल्या लांब पेरावर खरी ओळख असते. मॉर्सिटान्समध्ये त्या पेराच्या खालच्या बाजूला बारीक काट्यांच्या तीन ओळी दिसतात, बहुधा प्रत्येकी तीन काटे. नर असेल तर त्या शेवटच्या पायांची वरची बाजू चपटी आणि कडा उचललेल्या असतात, म्हणजे या एका जातीत नर ओळखणं तुलनेने सोपं. बाकीच्या जातींमध्ये 'जोडी आहे, नर-मादी आहे' असं छातीठोक सांगून दुप्पट भाव लावणाऱ्याला विचार, कशावरून ओळखलंस? पोट दाबून बघितलं म्हणाला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस.

मग मिशा बघ. मुळाकडची काही पेरं गुळगुळीत, चकचकीत असतात आणि पुढची बारीक लवेने मळकट दिसतात. मॉर्सिटान्समध्ये ही गुळगुळीत पेरं साधारण सहा असतात. नंतर अंगाच्या कडेची श्वासाची भोकं. स्कोलोपेंड्रा वंशात त्यांच्या नऊ जोड्या असतात आणि सातव्या पायजोडीच्या वर भोक नसतं. हे सातव्या पायाचं लक्षात ठेव, दुसऱ्या गोमेच्या वेळी लागेल.

हे सगळं जिवंत, पळत्या, चावऱ्या प्राण्यावर कसं मोजायचं? मोजायचंच नाही. तिची कात मोजायची. कात टाकल्यावर काट्यांसकट, मिशांसकट, पायांच्या नखांसकट सगळं त्या पोकळ सालीत तसंच राहतं. डोक्याची टोपी वेगळी निघते आणि बाकी अंग मोजा उतरवावा तसं गोळा होऊन पडतं. गोम पुष्कळदा स्वतःची कात खाते, म्हणून दिसताक्षणी लांब चिमट्याने उचल. मात्र नुकती कात टाकलेली गोम मऊ असते, तिला धक्का लागू देऊ नकोस. कात कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबासह भिजत ठेव, हळूहळू उलगडेल. मग काचेवर पसरून मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने फोटो काढ. औषधाच्या दुकानात काम करतोस, स्पिरिट आणि छोट्या बाटल्या तुला सहज मिळतील. कात बाटलीत ठेव आणि तारीख लिहून चिकटव. तुझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू तीच ठरेल. विकणाऱ्याकडे पुढच्या वेळी 'शेवटची कात आहे का' एवढंच विचारून बघ. ज्याने ती जपली आहे, त्याने प्राणीही जपला असण्याची शक्यता मोठी.

लांबीचंही एकदा बोलून टाकतो. डोक्याच्या टोकापासून शेवटच्या ढालीपर्यंत मोजायचं, मिशा आणि मागचे पाय सोडून. विकणारे मिशीच्या टोकापासून मागच्या नखापर्यंत ताणून मोजतात आणि ११ सेंटिमीटरची गोम १५ ची होते. तुझ्या फोटोत शेजारी पट्टी आहे, ती बघून मी मोजलं तर साडेदहा भरते.

निळ्या पायांच्या गोमेबद्दल मला मनापासून आनंद झाला, आणि त्याचा बारा हजारांशी काही संबंध नाही. निळसर-हिरवट पाय हे आपल्याकडच्या रायसिडा वंशात अगदी नेहमीचे. ती सडपातळ असते आणि तिचे मागचे पाय लांब, बारीक असतात. थोराड बांध्याची असेल तर एथ्मोस्टिग्मस वंशाचाही विचार करावा लागेल. दोन्हींत सातव्या पायजोडीच्या वर श्वासाचं भोक असतं, म्हणजे एकूण दहा जोड्या. एथ्मोस्टिग्मसमध्ये पुढचं पहिलं भोक ठळक मोठं, गोलसर, उघडं दिसतं. पिल्लं पांगली की पारदर्शक, उथळ डब्यात, बाजूने प्रकाश टाकून फोटो घे. सातव्या पायाशी भोक दिसलं तर ती स्कोलोपेंड्रा नाही, इतकं तुला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. पुढे नेमकी जात कोणती, हे घरी बसून सांगता येईलच असं नाही. अभ्यासकांचं काम अजून चालू आहे. जांगी आणि दास यांनी १९८४ मध्ये दख्खनमधल्या या कुळाचा आढावा छापला. त्यानंतर जाह्नवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम्ब यांनी डीएनएचा आधार घेऊन २०१८ मध्ये एथ्मोस्टिग्मसच्या नव्या जाती नोंदवल्या, त्यांतल्या एकीचं नाव सह्याद्रीवरून सह्याद्रेन्सिस ठेवलं. ज्यांना आपण 'आपल्या अंगणातल्या' म्हणतो त्या गोमींची नावं आत्ता आत्ता लागत आहेत.

म्हणूनच त्या संग्राहकाला नुसता फोटो बघून 'दुर्मीळ' हा शब्द कुठून सुचला, हे मला समजत नाही. एखादी जात दुर्मीळ आहे म्हणायला आधी ती कोणती हे माहीत हवं. त्याला ते माहीत नाही, तुला नाही, मलाही आत्ता नाही. त्याचा हिशोब वेगळा असावा. अंड्यांची संख्या दोन-तीन डझन धर. तीस पिल्लं निघाली आणि एकेक हजाराला विकली, तरी तीस हजार होतात. वर आई उरतेच. बारा हजार तो तिच्या निळ्या पायांचे देत नाही, तिच्या पोटाखालच्या अंड्यांचे देतो. आणि ती पिल्लं पुढे काय म्हणून विकली जातील, माहीत आहे? 'घरात जन्मलेली' म्हणून.

या दोन शब्दांवर जरा थांबू या, कारण हौशी लोकांच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. गोमेची मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि सोयीने अंडी घालते. माळावरून उचललेली मादी डब्यात एकटी असतानाही अंड्यांवर बसू शकते, जशी तुझी बसली. ती पिल्लं डब्यात फुटली हे खरं, पण त्यासाठी एक रानातली मादी उचलली गेलीच. आईबाप दोन्ही घरात वाढलेले, त्यांची जोडी घरात लावली आणि मग पिल्लं झाली, ही गोष्ट वेगळी. तिला कष्ट लागतात, धीर लागतो, दोन-चार वर्षं लागतात. तशा पिल्लाला जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. उलट ते द्यावेत, म्हणजे रानातून उचलण्याचा धंदा कमी होईल. पण तसं सांगणाऱ्याने आईबापांच्या काती, जोडी लावल्याची तारीख, अंडी फुटल्याची तारीख दाखवली पाहिजे. नुसतं 'घरात जन्मली' एवढंच सांगितलं तर भाव रानातल्या गोमेचाच समजायचा.

तू 'योग्य किंमत' विचारलीस, तर भाव वर-खाली कशाने होतो ते सांगतो. चीनमधली म्युटिलान्स ही लाल डोक्याची गोम तिथल्या पारंपरिक औषधांसाठी मोठ्या प्रमाणावर गोळा केली जाते आणि पाळलीही जाते, म्हणून पाळणाऱ्यांच्या जगात ती स्वस्त. दक्षिण अमेरिकेतली गिगांतिया तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. व्हेनेझुएलातल्या गुहेत तिने वटवाघळं पकडून खाल्ल्याची नोंद २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी छापली, तेव्हापासून तिच्या नावाभोवती दंतकथा आहे आणि भावही. पेरू देशाकडची मोठी गोम म्हणून जी विकतात ती पुष्कळदा गालापागोएन्सिस निघते, पण पावतीवर गिगांतियाच असते. आग्नेय आशियातली देहानी आधी सबस्पिनिपेस या जातीची उपजात मानत. २०१२ मध्ये क्रोनम्युलर या अभ्यासकाने ती स्वतंत्र जात म्हणून मांडली. तिच्या मागच्या पायांच्या त्या पहिल्या पेराखाली सहसा काटे नसतात, सबस्पिनिपेसला असतात. पण जुन्या आणि नव्या नावाने तोच प्राणी दोन वेगळ्या किमतींना विकणारे अजूनही भेटतात. कोणाच्या हाताशी एखाद्या महागड्या जातीची तीस-चाळीस पिल्लं आली, की सहा महिन्यांत तिचा भाव पडतो. आज दिलेला आकडा पुढच्या दिवाळीला टिकेल असं समजून कोणी गोम घेऊ नये.

पाय तुटलेली गोम स्वस्तात मिळते, तिला मात्र नाक मुरडू नकोस. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, ही म्हण शब्दशः खरी आहे. पुढच्या एक-दोन कातींत पाय परत येतो, आधी थोडा आखूड. अंगावर काळे डाग, सुजलेला सांधा किंवा उलटं पडल्यावर सावकाश सरळ होणं दिसलं, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तर पहिलीचे जास्त दिलेस का? हो, खूपच जास्त. ते पैसे टायगर या नावाचे होते. काटे मोजून खात्री झाली की विकणाऱ्याला फोटो पाठव आणि पैसे परत माग. शांतपणे, पुराव्यानिशी. तो बहुधा देणार नाही. पण ती परत करायची म्हणून कुरियरने पाठवू नकोस आणि 'टायगर' म्हणून पुढे कोणाला खपवू नकोस. तुला फसवलं गेल्याचं दुःख मला कळतं. तेच नाव लावून तू ती पुढे ढकललीस, तर दांडिया बाजारातला आणखी कोणी मुलगा मला हेच पत्र लिहील.

दुसरीला किंमत लावू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. ते शेत नेमकं कुठे आहे हे आधी मित्राला विचार. पावागडच्या पलीकडे जांबुघोडा अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही, मग प्राणी कितीही छोटा असो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो गोमेलाही लागतो. खाजगी शेतातली असली तरी जिवंत, विषारी प्राणी डब्यात घालून पोस्टाने किंवा कुरियरने पाठवणं नियमात बसत नाही. पार्सल हाताळणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार कर. पुढे तो संग्राहक ती परदेशात पाठवणार असेल, तर जैवविविधता कायदा २००२ आडवा येतो. इथली जैविक संपत्ती परदेशी माणसाच्या हाती द्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. उलट बाजूनेही तसंच. परदेशी गोम कोणी देऊ केली तर आयात परवाना आणि कस्टमचे कागद माग. नसतील तर तो माल चोरीचा आहे, मग भाव कितीही गोड असो.

पण तिचं मोल आहे, आणि ते वाढवणं तुझ्या हातात आहे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, बडोद्याच्या प्रत्येक मुलाने लहानपणी मान वर करून पाहिलेला. तो मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता, हे घराघरांत माहीत आहे. कुठून आला हे माहीत नसतं तर तो नुसता हाडांचा ढीग राहिला असता. तुझ्या गोमेचंही तसंच आहे. एक वही घे. गावाचं नाव, शेताची जागा, विटांचा ढीग उन्हात होता की झाडाखाली, सापडल्याची तारीख, अंड्यांवर बसलेली पहिल्यांदा दिसली ती तारीख, हे आजच लिहून काढ, आठवण ताजी आहे तोवर. पिल्लं किती निघाली, कधी पांगली, तेही लिही. मग कात, फोटो आणि वही घेऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जा. कुठली गोम कुठे राहते, कधी अंडी घालते याच्या अशा नोंदी अभ्यासकांच्या कामी येतात. पिल्लांतली दोन-चार ठेव, आई आणि बाकीची पिल्लं पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच शेतात, त्याच ढिगाशी सोड. पहिली मात्र सोडू नकोस. ती कुठून आली हे तुला माहीत नाही, तिच्याबरोबर कुठली कीड येईल हेही नाही. ती तुझ्याकडेच म्हातारी होऊ दे, या गोमी बरीच वर्षं जगतात.

राहिली आजी. हे मी शेवटी घेतलं, तरी याला कमी समजू नकोस. आजीला न सांगता घरात विषारी प्राणी ठेवणं बरोबर नाही, आणि यात आईची काही चूक नाही. मोठी गोम चावली तर वेदना भयंकर होतात आणि हात सुजतो. माणूस दगावणं फार क्वचित, पण म्हाताऱ्या माणसाचं हृदय आणि लहान मुलाचं अंग यांचा भरवसा धरायचा नसतो. चावलीच तर जखम साबणाने धू, सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेव, आणि सूज चढत असेल, छातीत धडधडत असेल किंवा श्वास लागत असेल तर वाट न बघता सयाजी हॉस्पिटल गाठ. कानखजुरा कानात शिरतो असं म्हणतात, पण तो काही माणसाचा कान शोधत येत नाही. आजी तेवढ्यानेच घाबरेल, तेव्हा ते आधी सांग. डबा जाड, गुळगुळीत भिंतींचा आणि तिच्या लांबीच्या दुपटीहून उंच हवा. हवेच्या भोकांवर प्लॅस्टिकची जाळी चालत नाही, ती कुरतडते. तारेची बारीक जाळी लाव. झाकणाला दोन बाजूंनी कडी हवी. हात कधी घालायचा नाही, एक फूट लांब चिमटा वापरायचा. डबे बंद कपाटात ठेवायचे, आणि किल्ली तुझ्या खिशात नको, आईच्या हातात दे. आपल्या घरात काय आहे ते तिला हव्या त्या वेळी बघता आलं पाहिजे.

आजीला सांगताना पहिलीची गोष्ट सांगू नकोस, दुसरीची सांग. तीन आठवडे न खाता, न हलता लेकरांभोवती वेढा घालून बसली आहे म्हणावं. माझ्या स्वतःच्या आजीने आमच्या परसातली अशीच एक घोण, म्हणजे मोठी गोम, बघितली होती. चप्पल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तुझी आजी काय करते ते मला कळव. आणि त्या मुंबईच्या माणसाला आज रात्रीच एका ओळीत लिहून टाक, की विकायची नाही. मग डब्यावर कापड टाक, तारीख लिही.